चंचल मन, भ्यालेलें मन आणि औषधांची अदलाबदल

एखादें मूल वर्गांत स्वस्थ बसत नाहीं, हातीं घेतलेलें काम पुरें करीत नाहीं, समोरच्याचा प्रश्न संपण्याआधींच उत्तर देऊन मोकळें होतें. आणि तेंच मूल रात्रीं एकटें निजावयास भितें, परीक्षेच्या नुसत्या नांवानें त्याच्या पोटांत गोळा उठतो, आईला घरीं यावयास उशीर झाला कीं तें रडवेलें होतें. धिटाई आणि भित्रेपणा एकाच मुलाच्या ठिकाणीं कसे नांदतात, ह्याचें घरच्या मंडळींना नवल वाटतें. वैद्यकाला मात्र तें नवल राहिलेलें नाहीं. ह्यांपैकीं पहिल्या दुखण्याला आजचें वैद्यक अवधान-न्यूनता व अतिचापल्य असें म्हणतें, आणि त्याच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून तें ए. डी. एच. डी. ह्या नांवानें सर्वत्र ओळखलें जातें. दुसऱ्याला चिंताविकार म्हणतात. हीं दोन्ही दुखणीं एकत्र असलीं म्हणजे वैद्यापुढें एक कठीण प्रश्न उभा राहतो. पहिल्यावर जें औषध चालतें तें दुसऱ्याला भडकवील काय? भडकलेंच तर तें बंद करावें, बदलावें, कीं तेंच चालू ठेवून भीतीचा निराळा उपचार करावा? ह्या प्रश्नाचा इतिहास सुमारें नव्वद वर्षांचा आहे, आणि ज्या आईबापांवर औषध बदलण्याची पाळी येते त्यांना तो ठाऊक असणें उपयोगाचें आहे.

अवधानाच्या दुबळेपणाचा उल्लेख वैद्यकांत जुनाच आहे. अलेक्झांडर क्रायटन ह्या स्कॉटिश वैद्यानें १७९८ सालीं मनोविकारांवर जो ग्रंथ लिहिला त्यांत अवधानावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि एका गोष्टीवर मन स्थिर न राहण्याची खोड कित्येकांना जन्मजात असते हें त्यानें नमूद केलें आहे. पुढें १९०२ सालीं जॉर्ज स्टिल ह्या बालरोगतज्ज्ञानें लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिझिशियन्समध्यें दिलेल्या व्याख्यानांत, बुद्धीनें चांगलीं असूनहि स्वतःला आवरूं न शकणाऱ्या मुलांचें वर्णन केलें. १९१७ च्या सुमारास युरोपांत व मागाहून अमेरिकेंत मेंदूला सूज आणणाऱ्या निद्रारोगाची सांथ पसरली. त्या सांथींतून वांचलेलीं कित्येक मुलें अनावर व चंचल झालीं. तेव्हां हा केवळ वळणाचा अगर संस्काराचा दोष नसून त्याचें मूळ मेंदूंत असूं शकेल, ही कल्पना वैद्यांच्या मनांत रुजली. परंतु येथवर सारें वर्णनच होतें. उपाय असा हातीं कांहींच नव्हता.

उपाय सांपडला तो अपघातानें. अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड संस्थानांत, ईस्ट प्रॉव्हिडन्स ह्या गांवीं, १९३१ सालीं एक बालरुग्णालय उघडलें. जॉर्ज ब्रॅडली ह्या धनिक गृहस्थाची एकुलती एक मुलगी एमा सातव्या वर्षीं मेंदूच्या दाहानें कायमची पंगू झाली होती. तिच्यासारख्या मुलांसाठीं त्यानें आपली संपत्ति मृत्युपत्रानें ठेवली, आणि तिच्याच नांवानें हें रुग्णालय निघालें. तेथील वैद्यकीय प्रमुख चार्ल्स ब्रॅडली हे त्याच घराण्यांतले. मुलांच्या मेंदूचें क्ष-किरणचित्र घेण्याची त्या काळची रीत मोठी क्लेशकारक होती. पाठीच्या कण्यांतून मेंदूभोंवतींचें पाणी काढून घेत व त्याच्या जागीं हवा भरीत. मुलांचीं डोकीं त्यानंतर कित्येक दिवस दुखत. हें पाणी लवकर भरून यावें व डोकें उतरावें म्हणून ब्रॅडलींनीं बेंझेड्रीन नांवाचें एक नवें उत्तेजक औषध देऊन पाहिलें. बेंझेड्रीन म्हणजे अँफेटामीन. बर्लिन येथें १८८७ सालीं तें प्रथम रसायनशाळेंत तयार झालें होतें, आणि त्याचा वैद्यकीय उपयोग होऊं लागून थोडींच वर्षें झालीं होतीं.

डोकेदुखीवर औषधाचा फारसा गुण आला नाहीं. पण शिक्षकांच्या निराळेंच कांहीं ध्यानांत आलें. कालपर्यंत पाटीकडे न पाहणारीं मुलें गणितें सोडवूं लागलीं. ब्रॅडलींनीं मग पद्धतशीर प्रयोग केला. पांच ते चौदा वर्षांच्या तीस मुलांना एक आठवडा औषध दिलें, आणि औषधापूर्वीं, औषध चालू असतां व तें बंद केल्यावर त्यांचें वागणें टिपून ठेवलें. १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत तीसपैकीं चौदा मुलांच्या अभ्यासांत विलक्षण सुधारणा झाल्याची नोंद आहे. पंधरा मुलांचें वागणें शांत झालें. मुलांनीं स्वतः त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या असें नांव ठेवलें.

ह्या पहिल्याच प्रयोगांत पुढील सगळ्या वादाचें बीज आहे. एक तर गुण सर्वांना आला नाहीं. दुसरें, कांहीं थोडीं मुलें ह्याच औषधानें रडवीं किंवा अधिक अस्वस्थ झालीं. आणि तिसरें, गुण पहिल्याच दिवशीं दिसे व औषध थांबतांच पहिल्याच दिवशीं नाहींसा होई. म्हणजे औषध कोणास मानवतें व कोणास नाहीं हें आधीं सांगतां येत नव्हतें, पण देऊन पाहिल्यास लवकर कळत होतें. ब्रॅडलींनीं पुढें बेंझेड्रीनच्या जोडीला त्याचेंच भावंड असलेलें डेक्सेड्रीनहि वापरलें, आणि १९५० सालीं दोन्हींचा मिळून तीनशेंहून अधिक मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. तरीहि वैद्यकीय जगाचें लक्ष तिकडे बरींच वर्षें गेलें नाहीं. मनोविश्लेषणाचा तो जोराचा काळ होता, आणि मुलाच्या वागण्यावर गोळी हा उपाय बहुतेकांना पटण्यासारखा नव्हता.

ह्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्यें दुसरें एक औषध जन्मास आलें. बाझल येथील सीबा कंपनींतील रसायनज्ञ लेआंद्रो पॅनिझन ह्यांनीं १९४४ सालीं मेथिलफेनिडेट तयार केलें. त्यांची पत्नी मार्गरीट, घरगुती नांव रीटा, टेनिस खेळण्यापूर्वीं तें घेत असे असें सांगतात. तिच्याच नांवावरून १९५४ सालीं तें रिटॅलिन म्हणून बाजारांत आलें. आरंभीं तें थकव्यावर व उदासीनतेवर दिलें जाई. पुढील दशकांत अमेरिकेंत चंचल मुलांवर त्याच्या रीतसर चाचण्या झाल्या आणि हळूहळू त्या दुखण्याचें तें मुख्य औषध होऊन बसलें. दुखण्याचें नांवहि ह्या काळांत पालटत गेलें. कोणी त्याला मेंदूची अल्प इजा म्हणत, कोणी मेंदूच्या कार्यांतील अल्प बिघाड. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणांत १९६८ सालीं त्याला बालपणींची अतिचपल प्रतिक्रिया म्हटलें, १९८० सालीं भर चापल्यावरून अवधानावर गेला, आणि १९८७ सालीं आजचें नांव आलें.

रिटॅलिनच्या माहितीपत्रकांत मात्र दीर्घकाळ एक इशारा छापलेला असे : ज्याला तीव्र चिंता, ताण व क्षोभ आहे त्याला हें औषध देऊं नये. हा इशारा वरवर पाहतां रास्तच होता. हीं औषधें मेंदूंतील डोपामीन व नॉरअॅड्रेनलीन ह्या संदेशवाहक द्रव्यांचा प्रभाव वाढवितात. त्यामुळें अवधान सुधारतें खरें, पण छाती धडधडूं शकते, हात कांपूं शकतात, भूक मंदावते, झोंप उशिरां येते. घाबरलेल्या मनुष्याच्या देहाचीहि स्थिति जवळजवळ अशीच असते. तेव्हां भित्र्या मुलास हें औषध म्हणजे जळत्यांत तेल, असें अनेक डॉक्टर मानीत आणि औषध नाकारीत. ह्या नाकारण्याची किंमत लहान नव्हती. ज्या मुलाला दोन दुखणीं, त्याच्या एका दुखण्यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय दुसऱ्या दुखण्याच्या नांवाखालीं बंद होई. आणि शाळेचीं वर्षें तर कोणासाठीं थांबत नसतात.

ह्या समजुतीची परीक्षा होण्यापूर्वीं आणखी एक समजूत ढांसळली. उत्तेजक औषध चंचल मुलाला शांत करतें, ही त्या मुलाच्या मेंदूची उलटी चाल होय, आणि म्हणून औषधाचा गुण येणें हाच रोगाचा पुरावा, असें मानण्याचा प्रघात होता. ज्यूडिथ रॅपोपोर्ट ह्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेंत चौदा निरोगी मुलग्यांना डेक्स्ट्रो-अँफेटामीनची एकच मात्रा देऊन पाहिली. तींहि मुलें अधिक स्थिर झालीं, त्यांचेंहि अवधान वाढलें. हा निष्कर्ष १९७८ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचा अर्थ असा कीं औषध मानवलें म्हणून रोग सिद्ध होत नाहीं, आणि न मानवलें म्हणून तो नाहीं असेंहि ठरत नाहीं. निदान हें मुलाच्या सबंध वृत्तांतावरूनच करावें लागतें.

त्यानंतर चिंतेच्या प्रश्नाकडे संशोधक वळले. टेक्सासमधील स्टीव्हन प्लिस्का ह्यांनीं १९८९ सालीं दाखविलें कीं ए. डी. एच. डी. च्या जोडीला चिंता असलेल्या मुलांना मेथिलफेनिडेटचा गुण इतरांपेक्षां कमी येतो. टोरोंटो येथील रोझमेरी टॅनक व त्यांचे सहकारी ह्यांना १९९५ सालीं असें आढळलें कीं अशा मुलांची तात्पुरती स्मरणशक्ति औषधानें इतरांसारखी सुधारत नाहीं. जुन्या इशाऱ्याला अशा रीतीनें शास्त्राचा आधार मिळाल्यासारखें झालें. परंतु टोरोंटोच्याच मंडळींनीं मुलांवर चार महिने लक्ष ठेवून १९९९ सालीं जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत चिंता असलेल्या व नसलेल्या मुलांना आलेल्या गुणांत फरक राहिला नाहीं. थोड्या मुलांवर थोड्या दिवसांत जें दिसलें तें काळ वाढवितांच पुसट झालें.

त्याच वर्षीं अमेरिका व कॅनडा येथें चाललेल्या एका फार मोठ्या चाचणीचे निष्कर्ष बाहेर पडले. सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांचे तींत चार गट केले होते. एकाला काळजीपूर्वक मोजून औषध, दुसऱ्याला वागणुकीचें शिक्षण, तिसऱ्याला दोन्ही, आणि चौथ्याला गांवांत मिळेल तो नेहमींचा उपचार, असे चौदा महिने गेले. ह्या मुलांत केवळ ए. डी. एच. डी. असलेलीं मुलें एकतृतीयांशाहूनहि कमी निघालीं. सुमारें एकतृतीयांश मुलांना चिंताविकार होता. हट्टी व विरोधी वागण्याचा विकार तर त्याहूनहि अधिक मुलांत होता. म्हणजे ज्याला अपवाद समजत होते तोच नियम ठरला. चिंता असलेल्या मुलांना औषधाचा गुण आला, तो चिंता आहे म्हणून उणावला नाहीं. आणि आईबापांस व शिक्षकांस शिकवून दिलेल्या वागणुकीच्या उपचारानेंहि नेमक्या ह्याच मुलांना इतर मुलांहून अधिक लाभ झाला.

पुढें २०१५ सालीं येल विद्यापीठांतील संशोधकांनीं तेवीस चाचण्या व सुमारें तीन हजार मुलें ह्यांचा एकत्र हिशेब मांडला. उत्तेजक औषध घेणाऱ्यांत चिंतेची तक्रार औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपेक्षां सरासरीनें कमीच आढळली. ह्याचें कारण गूढ नाहीं. ज्या मुलाची वही रोज अपुरी राहते, ज्याला रोज बोलणीं खावीं लागतात, त्याची पुष्कळशी भीति ह्या रोजच्या अपयशांतूनच उपजलेली असते. काम जमूं लागलें कीं ती ओसरते. परंतु सरासरी ही सर्वांची मिळून असते. एखाद्या मुलाची चिंता औषधानें खरोखरीच वाढते, आणि त्याच्या आईला सरासरीचा आंकडा दाखवून तिचें समाधान होणार नाहीं.

म्हणून ह्या इतिहासानें वैद्यांना जी मुख्य गोष्ट शिकविली ती ही कीं, औषध बदलण्यापूर्वीं भीतीची जात ओळखावी. एक भीति औषधाची असते. ती औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढविल्यावर येते, औषधाच्या अमलाच्या तासांत असते आणि मात्रा कमी केल्यास उतरते. तिच्याशींच मिळतीजुळती पण निराळी अशी एक अस्वस्थता औषधाचा अंमल उतरतांना, तिसऱ्या प्रहरीं, येते. मूल चिडतें, रडतें, आणि घरच्यांस वाटतें कीं औषधच बाधलें. खरें पाहतां तें औषध संपल्याचें लक्षण असतें, आणि त्यावर उपाय औषध टाकून देणें हा नसून तें अधिक वेळ पुरेल असें देणें हा असूं शकतो. दुसरी भीति अपयशाची. ती अवधान सुधारल्यावर कांहीं आठवड्यांत आपोआप कमी होते. तिसरी भीति स्वतंत्र चिंताविकाराची. ती औषधाच्या आधींहि होती, अभ्यास सुधारल्यावरहि राहते, आणि तिला तिचाच उपचार लागतो. ह्या तिन्हींना बाहेरून रूप एकच असतें, पण त्यांवरचे उपाय अगदीं निरनिराळे असतात. पहिलींत औषध बदलावें लागेल, दुसरींत तें बदलणें ही चूक होईल, आणि तिसरींत बदलून कांहींच साधणार नाहीं.

बदलावयाचेंच ठरलें तर कशाकडे जावयाचें, ह्याचाहि इतिहास आहे. एक उत्तेजक औषध लागू पडलें नाहीं म्हणजे सगळा वर्गच निरुपयोगी, असें पुष्कळ दिवस समजत असत. १९९१ सालीं रॅपोपोर्ट ह्यांच्याच संस्थेंतील एका अभ्यासांत अठ्ठेचाळीस मुलग्यांना मेथिलफेनिडेट व डेक्स्ट्रो-अँफेटामीन हीं दोन्ही औषधें पाळीपाळीनें, निरनिराळ्या मात्रांत देऊन पाहिलीं. दोहोंपैकीं एकानें तरी ज्यांचें वागणें सुधारलें अशीं मुलें शेंकडा ९६ भरलीं. दोन्ही औषधें एका वर्गाचीं खरीं, पण त्यांची क्रिया तंतोतंत एक नाहीं. मेथिलफेनिडेट हें संदेशवाहक द्रव्याला मज्जापेशींत परत शोषलें जाऊं देत नाहीं. अँफेटामीन तें तर करतेंच, शिवाय पेशींतील सांठा बाहेर काढतें. म्हणून एकानें भागलें नाहीं तर दुसरें पाहावें, ही पहिली पायरी ठरली.

दुसरा मार्ग उत्तेजक नसलेल्या औषधांचा. उदासीनतेवरचीं इमिप्रामीन, डेसिप्रामीन हीं औषधें एके काळीं चिंता असलेल्या चंचल मुलांना देत असत. परंतु १९९० च्या सुमारास डेसिप्रामीन घेणाऱ्या कांहीं मुलांच्या आकस्मिक मृत्यूंच्या वार्ता आल्या आणि हा मार्ग जवळजवळ बंद झाला. पेमोलीन नांवाचें, सौम्य समजलें जाणारें उत्तेजक १९७५ पासून अमेरिकेंत मिळत असे. त्यानें यकृताला गंभीर इजा होते असें आढळल्यावर तें २००५ सालीं तेथील बाजारांतून गेलें. क्लोनिडीन हें मुळांत नाक चोंदल्यावरचें औषध व्हावें म्हणून जर्मनींत शोधलें गेलें; तें रक्तदाब उतरवितें व गुंगी आणतें असें दिसल्यावर रक्तदाबासाठीं वापरलें गेलें, आणि मागाहून चंचल व पेंगुळती झोंप नसलेल्या मुलांच्या उपयोगीं पडलें. त्याच्याच जातीच्या ग्वान्फासीनच्या दीर्घकाळ पुरणाऱ्या गोळीला अमेरिकेंत २००९ सालीं ह्या कामासाठीं परवानगी मिळाली. आणि उदासीनतेवर म्हणून तपासून बाजूस टाकलेलें अॅटोमॉक्सेटीन २००२ सालीं ए. डी. एच. डी. वरचें पहिलें उत्तेजक नसलेलें औषध म्हणून संमत झालें. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चाचणींत, दोन्ही दुखणीं असलेल्या १७६ मुलांपैकीं ज्यांना बारा आठवडे हें औषध मिळालें त्यांचें अवधान तर सुधारलेंच, पण चिंताहि कमी झाली. तथापि ह्याच औषधानें कांहीं मुलांच्या मनांत आत्मघाताचे विचार येऊं शकतात, असा ठळक इशारा २००५ पासून त्यावर आहे; म्हणून आरंभींचे आठवडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागतात.

ह्या औषधांची अदलाबदल म्हणजे एका बाटलीऐवजीं दुसरी आणणें नव्हे. प्रत्येकाची चाल निराळी आहे. मेथिलफेनिडेट तासाभरांत काम करूं लागतें व त्याच दिवशीं संपतें. म्हणून एका उत्तेजकावरून दुसऱ्यावर बहुधा एका दिवसांत जातां येतें. अॅटोमॉक्सेटीनचा पुरा गुण दिसावयास चार ते सहा आठवडे, कधीं अधिकहि लागतात. उत्तेजक आज बंद करून तें उद्यां सुरू केलें तर मधले आठवडे मूल औषधावांचूनच राहतें, आणि नवें औषध निरुपयोगी असा ग्रह होऊन तेंहि सुटतें. ह्यास्तव जुनें चालू ठेवून नवें वाढवीत न्यावयाचें व मग जुनें काढावयाचें, अशी रीत आहे. क्लोनिडीन व ग्वान्फासीन एकदम बंद केल्यास रक्तदाब उसळतो. तीं पायरीपायरीनेंच उतरवावीं लागतात. अॅटोमॉक्सेटीनचें पचन यकृतांतील ज्या द्रव्याकडून होतें, तें द्रव्य कांहीं माणसांत जन्मतःच दुबळें असतें. शिवाय चिंतेवर दिलें जाणारें फ्लुऑक्सेटीन त्याला अडवितें. अशा वेळीं नेहमींचीच मात्रा रक्तांत कितीतरी पट वाढते. म्हणजे जें चिंतेसाठीं दिलें त्यानेंच दुसऱ्या औषधाचें ओझें वाढविलें, असा प्रकार होतो. उदासीनतेवरच्या जुन्या एका वर्गाच्या, मोनो-अमाइन-ऑक्सिडेज-रोधक औषधांनंतर तर उत्तेजक किंवा अॅटोमॉक्सेटीन सुरू करण्यास चौदा दिवस जाऊं द्यावे लागतात. नाहींतर रक्तदाब जिवावर बेतण्याइतका चढतो.

चिंतेखेरीज इतर सोबतीहि असतात. अंगाला झटके येण्याची, डोळे मिचकावण्याची संवय असलेल्या मुलांना मेथिलफेनिडेट वर्ज्य मानीत असत. २००२ सालीं १३६ मुलांवरील एका चाचणींत आढळलें कीं झटके वाढल्याची तक्रार औषध घेणाऱ्यांत व औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत जवळजवळ सारखीच होती. वर्ज्यतेचा नियम अनुभवावर नसून धास्तीवर उभा होता. उलट उन्माद व उदासीनता आलटून पालटून येणाऱ्या विकारांत सावधगिरी खरी ठरली. स्वीडनमधील २,३०७ प्रौढांच्या नोंदींवरून २०१७ सालीं दिसून आलें कीं मन स्थिर ठेवणारें औषध चालू नसतां मेथिलफेनिडेट सुरू केल्यास पहिल्या तीन महिन्यांत उन्मादाचा धोका पुष्कळ वाढतो. तें औषध चालू असल्यास वाढत नाहीं. येथें प्रश्न कोणतें औषध हा नसून आधीं कोणतें हा आहे. स्वतंत्र चिंताविकारावरहि उपाय आहेत. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ४८८ मुलांवरील चाचणींत सर्ट्रालीन व विचार-वर्तनाचें शिक्षण ह्यांच्या जोडीनें शेंकडा ८१ मुलांची प्रकृति सुधारली, आणि नुसत्या शिक्षणानेंहि शेंकडा ६० ची.

ह्या अनुभवावरून नियम बांधण्याचे प्रयत्न झाले. टेक्सासमध्यें तज्ज्ञांनीं २००० सालीं व पुन्हां २००६ सालीं औषधांच्या पायऱ्या ठरवून दिल्या. इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेनें २०१८ सालीं सांगितलें कीं चिंता किंवा झटके आहेत म्हणून ए. डी. एच. डी. च्या औषधाची निवड निराळी करूं नये, मात्र मात्रा अधिक सावकाश वाढवावी व अधिक जवळून पाहावें. आणि एका औषधाला पुरेशा मात्रेनें सुमारें सहा आठवडे दिल्याखेरीज तें फसलें असें ठरवूं नये. जुन्या माहितीपत्रकांतील निषेधापासून ह्या सल्ल्यापर्यंत येण्यास अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला.

भारतांत ह्या बदलाला कायद्याची व बाजाराची मर्यादा आहे. मेथिलफेनिडेट हें १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेंत येतें, आणि औषधविषयक नियमांच्या 'एक्स' परिशिष्टांत त्याचें नांव आहे. त्याचें चिठ्ठीपत्र दोन प्रतींत लागतें व एक प्रत दुकानदाराला दोन वर्षें जपून ठेवावी लागते. अँफेटामीन-वर्गाचीं औषधें येथें ह्या दुखण्यासाठीं नेहमींच्या वापरांत नाहींत. त्यामुळें परदेशीं जी पहिली पायरी, एका उत्तेजकावरून दुसऱ्यावर जाण्याची, ती महाराष्ट्रांतील मुलाला बहुधा मिळतच नाहीं. मेथिलफेनिडेट मानवलें नाहीं कीं अॅटोमॉक्सेटीन किंवा क्लोनिडीन हाच मार्ग उरतो. जेथें पर्याय थोडे तेथें प्रत्येक पर्याय पुरता पारखून मगच सोडणें अधिक अगत्याचें ठरतें.

पारखावयाचें कसें, ह्याचा एक धडा १९९९ च्या त्या मोठ्या चाचणींतच आहे. तेथें आरंभींचे अठ्ठावीस दिवस औषधाची मात्रा व औषधविरहित गोळी ह्यांची रोज अदलाबदल होत असे. कोणत्या दिवशीं काय दिलें हें मुलाला, आईबापांना व शिक्षकांना ठाऊक नसे. तीं रोज वागण्याला गुण देत. त्या गुणांचे आलेख तज्ज्ञांनीं पाहून मग मात्रा ठरविली. इतका खटाटोप प्रत्येक घरीं होणें शक्य नाहीं. पण त्यामागचें तत्त्व घरींहि पाळतां येतें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. बदलण्यापूर्वीं आठवडाभर झोंप, भूक, अभ्यास व भीति ह्यांची रोजची टांचणी ठेवावी, आणि बदलल्यावरहि ती तशीच चालू ठेवावी. कोणत्या तासाला मूल अस्वस्थ होतें हें लिहावें. शिक्षकाला विचारावें, आणि मुलालाहि विचारावें. भीति ही आंतली गोष्ट असल्यामुळें ती बहुधा मुलालाच आधीं कळते. डॉक्टरच्या सल्ल्यावांचून मात्रा कमीजास्त करूं नये, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत तर बदलाच्या भानगडींत पडूं नये.

ईस्ट प्रॉव्हिडन्सच्या त्या रुग्णालयांत औषध दिलें होतें डोकेदुखीसाठीं, आणि गुण आला अभ्यासांत. हें कळलें तें औषधाच्या सामर्थ्यामुळें नव्हे. मुलांकडे रोज नीट पाहणारे व पाहिलेलें लिहून ठेवणारे शिक्षक तेथें होते म्हणून कळलें. त्यानंतर औषधें पुष्कळ निघालीं, कांहीं टिकलीं, कांहीं गेलीं. भित्र्या मुलाला औषध देऊंच नये हा नियम गेला, आणि चंचल मुलाची भीति मोजूंच नये ही बेपर्वाईहि आतां वैद्यकाला मान्य नाहीं. पहिलें औषध मानवलें नाहीं म्हणून आईबापांनीं निराश होण्याचें कारण नाहीं, कारण तें अनेकांना मानवत नाहीं. आणि भीति वाढलीशी वाटतांच गोळी फेंकून देण्याचेंहि कारण नाहीं. ती भीति कोठून आली, एवढें मात्र आधीं शोधून काढलें पाहिजे.